कोसीचे तटबंध आणि हिशेबात न धरलेला गाळ

नदीला पूर येतो, मग दोन्ही काठांना मातीचे उंच तटबंध घालावेत, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही. पूरनियंत्रण शिकवताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. हे उत्तर बिहारमधल्या कोसी नदीवर तपासून पाहू.

कोसी हिमालयातून उतरते ती प्रचंड गाळ घेऊन. मैदानात येताच उतार कमी होतो, पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. पात्र भरले की नदी शेजारच्या सखल भागात शिरते. अशी ती गेल्या दोन-अडीचशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली. पात्र बदलणे हा तिचा बिघाड नव्हे. मैदान घडवण्याची तिची ती रीतच आहे.

१९५५ मध्ये तटबंधांचे काम सुरू झाले. त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो : पात्र आवळले की वेग वाढेल आणि वाढलेला वेग तळ खरवडून गाळ पुढे नेईल. तत्त्व म्हणून हे चूक नाही. पण कोसीचे दोन तटबंध काही ठिकाणी एकमेकांपासून दहा-दहा किलोमीटर दूर आहेत. एवढ्या रुंदीत वेग वाढणार कसा? पूर्वी विस्तीर्ण मैदानावर पातळ पसरणारा गाळ आता या दोन भिंतींच्या मध्येच साचतो. तळ वर येतो आणि नदी बाहेरच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. मग तटबंध आणखी उंच करायचा. गाळ काही थांबत नाही.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे पूर्वेकडचा तटबंध फुटला. तो आखला होता साडेनऊ लाख क्युसेक प्रवाहासाठी, म्हणजे सेकंदाला तेवढे लाख घनफूट पाण्यासाठी. त्या दिवशी नदीत पाणी होते दीड लाख क्युसेकच्या आसपास! तेव्हा 'अभूतपूर्व पूर' हे स्पष्टीकरण इथे टिकत नाही. लाखो लोकांची घरे-शेते पाण्याखाली गेली, तीही तटबंधाच्या भरवशावर निर्धास्त असलेल्यांची. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी आले. हेही आखलेल्या मर्यादेच्या आत होते, तरी दरभंगा जिल्ह्यात तटबंध फुटलाच.

शिवाय तटबंध दोन्हीकडून अडवतो. बाहेर पडलेला पाऊस आणि लहान उपनद्या यांना मुख्य नदीत शिरता येत नाही. शेते महिनोन्महिने पाणथळ राहतात.

बिहारमध्ये १९५०च्या दशकाच्या आरंभी सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर. १९९०च्या दशकात तटबंध तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्र झाले सुमारे ६९ लाख हेक्टर. केवळ या आकड्यांवरून तटबंधांनीच पूर वाढवला असे सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. पण यश किलोमीटरमध्ये मोजण्याची पद्धत मात्र यापुढे चालू ठेवता येणार नाही. आणि कोसीच्या दोन तटबंधांच्या आत जी शेकडो गावे राहिली, त्यांना दरवर्षीचा पूर आहेच. 'संरक्षित क्षेत्रा'च्या हिशेबात ती धरलेलीच नाहीत.