पैठणीचे प्राचीनत्व आणि 'पेरिप्लस'ची साक्ष

पैठणीचा इतिहास सांगणारे लेखन बहुधा एकाच विधानाने सुरू होते. सातवाहनांच्या राजधानीतील हे वस्त्र दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत जात असे आणि 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, असे ते विधान होय. ते इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की मूळ उतारा उघडून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटू नये, हे स्वाभाविकच आहे. परंतु उतारा पाहिला म्हणजे हे विधान टिकत नाही.

'पेरिप्लस' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिलेले सागरी मार्गवर्णन आहे. त्याच्या ५१ व्या परिच्छेदात दक्षिणापथातील दोन बाजारपेठा येतात : भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर. दोन्ही ठिकाणांचा माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला उतरत असे. यांपैकी पैठणहून येई तो अकीकासारखा दगड. कापड येई ते तगरहून : पुष्कळसे साधे कापड, नाना प्रकारची सुती वस्त्रे आणि 'मोलोखिना' नावाचे एक कापड. पैठणच्या नावापुढे सुताच्या एका धाग्याचाही निर्देश नाही. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखविले आणि ते मत पुढे सामान्यतः मान्य झाले. म्हणजे ज्या साक्षीवर पैठणचा हक्क सांगितला जातो, ती तेरच्या बाजूने दिलेली आहे.

तेरच्या अभिमान्यांनीही येथे सावध राहिलेले बरे. तगरच्या याच यादीत, समुद्रकाठच्या प्रदेशांतून तेथे येणाऱ्या इतर मालाचाही निर्देश आहे. म्हणून तगर हे विणकामाचे केंद्र होते की मुख्यतः मोठा बाजार, हे या एका वाक्यावरून ठरत नाही. शिवाय तेथील 'मलमल' हा बराचसा भाषांतरकारांचा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'सिंदोन'. शॉफ यांनी १९१२ च्या भाषांतरात त्याच्या जागी 'मस्लिन' घातला. कॅसन यांनी १९८९ मध्ये सुती वस्त्र एवढाच अर्थ पुरेसा मानला. सर्वांत उत्तम सिंदोन कोणते, हे ग्रंथकार पुढे ६३ व्या परिच्छेदात सांगतोच : ते गंगेकाठचे. बंगालच्या मलमलीस या ग्रंथात जे स्थान मिळते, ते दख्खनच्या कापडास मिळत नाही.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. हा सारा उल्लेख सुती वस्त्राचा आहे आणि पैठणी म्हटली की आज रेशीम व जर यांशिवाय दुसरे काही डोळ्यांपुढे येत नाही. वस्तुतः जुन्या पैठण्यांचे अंग तलम सुताचे असे आणि काठ-पदर तेवढे जरीचे. रेशमी अंगाचा प्रघात मागाहून, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात वाढला. प्राचीनत्वाचे पुरस्कर्ते सुती वस्त्राचा पुरावा देतात आणि रेशमी वस्त्राचा गौरव करतात. मध्ये लोपलेल्या सुती पैठणीबद्दल मात्र चकार शब्द काढीत नाहीत. त्या लोपाची कारणे शोधणे हे खरे संशोधनाचे काम होते.

कागदी साक्षीपेक्षा विणीची साक्ष अधिक बोलकी आहे. ढाक्याच्या जामदानीशी तुलना केल्यास ती स्पष्ट होते. जामदानीत जमिनीचा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अखंड जातो. नक्षीचा जाडसर धागा त्याच्या जोडीने, हाताने, हवा तेवढाच भरला जातो. पैठणीच्या पदरात असा वेगळा नक्षीचा बाणा नसतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या सीमेपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात अडकतो आणि परत वळतो. पदराची जमीन जरीची, तीत मोर, मुनिया, कमळे रेशमाची. त्यामुळे पदर सुलट-उलट सारखाच दिसतो. या दोन्ही वस्त्रांना सरसकट 'किनखाब' म्हणणे ही ढिलाई आहे. धोट्याऐवजी बारीक कांड्यांनी, बोटांनी धागा फिरविण्याचे हे काम मंद असते, आणि पदर भरगच्च असेल तर एका पातळास कित्येक महिने लागतात.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाही. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीवर सुटे किंवा कापलेले धागे दिसतात आणि गिऱ्हाईक तेथेच फसवणूक ओळखू शकते. दोन हजार वर्षांची ग्वाही मात्र नकलेच्या चिठ्ठीवरही छापता येते आणि छापली जातेही. येवल्याच्या मागावर बसणाऱ्या विणकरास तिचा काडीचाही आधार नाही.

अजिंठ्याच्या चित्रांतील कमळावरून पदरावरील कमळाची वंशावळ लावण्याचा प्रयत्नही याच जातीचा आहे. आकृतीचे साम्य हे विणीचे सातत्य सिद्ध करीत नाही. भिंतीवरचे कमळ कोणत्याही काळातील कारागीर पाहू शकतो. त्यापेक्षा पेशवे दप्तरातील वस्त्रांच्या मागण्या, येवल्यास रघोजी नाईक यांनी पैठणचे विणकर वसविल्याची परंपरा आणि संग्रहालयांतील सुती अंगाचे जुने पदर ही सामग्री अलीकडची असली तरी विश्वसनीय आहे. त्या पदरांतील सुताची जात आणि जरीचा कस यांची पद्धतशीर मोजणी झाल्यास सुती पैठणी रेशमाकडे केव्हा व का वळली, याचे उत्तर तेथेच सापडण्याचा संभव आहे.