‘खडवली’ उलटं लिहून दाखवा

‘खडवली’ या शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल चार: ख, ड, व, ली. पहिलीतलं पोरही हेच सांगेल. जावास्क्रिप्टला विचारलंत तर उत्तर येतं पाच. तिच्या हिशेबात ‘ल’ वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी. आता ‘स्त्री’ विचारा. आपल्याला ते एक जोडाक्षर दिसतं, तिला सहा खुणा दिसतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी.

वेब डेव्हलपमेंटच्या वर्गात ‘दिलेला शब्द उलटा करा’ हा सराव बहुतेकांनी केलेला असतो. इंग्रजी शब्दावर तो सुरळीत चालतो. त्याच प्रोग्राममध्ये ‘खडवली’ घालून बघा. ‘लीवडख’ येत नाही. आधी एक निराधार वेलांटी येते, बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली, आणि तिच्यामागे ल, व, ड, ख. प्रोग्रामने सांगितलं तेवढं केलं. अक्षर म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी तक्रार अशी आहे की बऱ्याच कॉलेजांत ते विद्यार्थ्यालाही कुणी सांगत नाही.

डिझाइनच्या शिक्षणात देवनागरीचं काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तकं आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प वाचतेय. बोलतेय ती मुख्यतः पदवीच्या साध्या कॉलेजांबद्दल. खडवली-वाशिंदची मुलं सकाळची लोकल पकडून कल्याण-उल्हासनगरला जिथे शिकायला जातात, तशी कॉलेजं. तिथे ग्राफिक डिझाइन आणि वेब हे दोन वेगळे तास असतात, आणि मराठी नेमकी या दोन तासांच्या मधल्या फटीत पडते.

कशी, ते बघा. ग्राफिकच्या तासाला कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिका किंवा फ्लेक्स करायला शिकवतात. त्यातली मराठी बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कागदावर छापून आलं की काम भागतं. तोच मजकूर उचलून वेबपेजवर टाकला की फॉन्टचा बुरखा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. मग विद्यार्थी काय करतो? मराठी मथळ्याचं चित्र करून चिकटवतो. पान दिसायला छान, पण त्या मथळ्यातला शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या अंध वाचकासाठी तो मथळा अस्तित्वातच नसतो.

वेबच्या तासाला उलटी गंमत. तिथे युनिकोड असतं, पण मजकूर नसतो. पान भरायला ‘लोरेम इप्सम’ वापरतात. सिसेरोच्या लॅटिन ग्रंथातल्या उताऱ्याची मोडतोड करून बनवलेला हा अर्थहीन मजकूर. वाचकाने शब्दांत न अडकता मांडणी बघावी, असा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नाही, पण लॅटिन लिपीत मांडणीचे कितीतरी प्रश्न उद्भवतच नाहीत. तिला शिरोरेषा नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी ‘लेटर-स्पेसिंग’ इंग्रजी मथळ्याला ऐट आणते. देवनागरीत तीच शिरोरेषेचे तुकडे पाडते. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा एकमेकांना भिडू लागतात. ‘लोरेम इप्सम’वर पूर्ण गुण मिळवलेलं पान मराठी मजकूर पडला की विस्कटतं.

आणखी एक साधी गोष्ट. अॅपमध्ये फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतात. ‘ज्ञानेश्वर’च्या गोलात काय यायला हवं? ‘ज्ञा’ किंवा निदान ‘ज्ञ’. पहिली खूण उचलणारा प्रोग्राम दाखवतो नुसता ‘ज’. ही क्षुल्लक बाब नाही. २०२३ साली युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, मजकुराचे तुकडे पाडताना देवनागरी जोडाक्षर मध्येच तोडू नये, असा नियम आला. म्हणजे जगभरची तज्ज्ञ मंडळी या प्रश्नाशी परवापरवापर्यंत झटत होती. आपल्या वर्गात तो प्रश्न म्हणूनही येत नाही.

बरं, हे ज्ञान आपल्याकडे नाही असंही नाही. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा ग्रंथ १९७१चा, तोही मुंबईत, राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाने काढलेला. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, म्हणजे आयडीसीत, शिकवणारे आर. के. जोशी (१९३६–२००८) यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट केला. विंडोज २००० पासून लाखो लोकांनी संगणकावरची देवनागरी त्याच्यातून वाचली. आणि आज ज्याला त्याला आवडणारा ‘पॉपिन्स’? विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वेबसाइटवर तो सर्रास असतो. त्या फॉन्टमध्ये देवनागरीही आहे, निनाद काळे यांनी रेखलेली. फॉन्ट रोज वापरायचा आणि त्यातलं आपलं दालन कधी उघडायचंच नाही, अशी ही गत.

जे. जे. कला महाविद्यालय सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खडवलीहून तिथवर एकच लोकल जाते, सुमारे ७० किलोमीटर. पण तिथलं अक्षरांचं ज्ञान उलट्या दिशेच्या गाडीत बसून कल्याणपलीकडे येत नाही. येतात ते सॉफ्टवेअरची बटणं शिकवणारे कोर्स.

यावर शिक्षक जे म्हणतात ते खोटं नाही. तासिका कमी, लॅबमधले संगणक जुने, नोकऱ्या इंग्रजी कामाच्या. मुलांना आधी पोटापाण्याचं शिकवू द्या, असं त्यांचं म्हणणं. पण पोटापाण्याचाच विचार करू या. इंग्रजी टेम्प्लेट भरून देणारे हजारो आहेत, आणि ते काम आता यंत्रही करतं. दुसरीकडे, २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली, तीही इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. ग्रामपंचायत, पतपेढी, बचत गट, दवाखाना या सगळ्यांना मराठीत नीट वाचता येईल असं काही ना काही लागतंच. ते करणारं माणूस गावातच तयार होऊ शकतं. आपण त्याला लॅटिन खिचडीवर सराव देतोय.

मग काय करावं? नवा विषय नको, नवी लॅबही नको. दोन तासांना मिळून एकच प्रकल्प द्या: खऱ्या मजकुराचं एक मराठी पान. पावसाळ्यात भातसा नदीवर येणाऱ्यांसाठी सुरक्षेच्या सूचना घ्या किंवा आरोग्य केंद्राचं लसीकरणाचं वेळापत्रक. अटी चारच. मजकूर युनिकोडमध्ये असावा, चित्रात नाही. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी नोंदवलेली असावी. टेम्प्लेटमधली इंग्रजीची नोंद तशीच राहिली तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीला इंग्रजी समजू शकतं. ओळींमधलं अंतर ‘र्त्यां’ आणि ‘द्धृ’ यांच्यावर तपासावं. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पानावर वेगळे दिसावेत, नाहीतर जेवणाचं आमंत्रण भलत्यालाच जाईल.

भाषेच्या त्या नोंदीचा आणखी एक फायदा आहे. २००९च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवले. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ‘ल’चा क्रमांक एकच आहे. पण फॉन्टमध्ये सोय असेल तर ब्राउझर भाषेची नोंद बघून मराठी वळण निवडतो. ग्राफिकच्या तासाचा ‘ल’ आणि वेबच्या तासाचा कोड इथे एकाच ओळीत भेटतात. फलाटावर गाडीची वाट बघत असाल तर स्टेशनच्या पाटीवरचा ‘ली’ जरा नीट बघा, त्याला दांडी आहे की पाकळी. मग तेच नाव दोन्ही वळणांत ब्राउझरमध्ये आणून दाखवा. पहिल्या वर्षाची परीक्षा म्हणून मला एवढं पुरेल.