नमुन्याची साक्ष

वस्तुसंग्रहालयातील प्राण्यांच्या नमुन्याचे शास्त्रीय मोल त्यास बांधलेल्या चिठ्ठीवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव ह्यांवाचून नमुना संशोधनास फारसा उपयोगी पडत नाही, हे खरेच. परंतु चिठ्ठीच असत्य असेल तर काय, ह्या प्रश्नाचा विचार ह्या मतात होत नाही. रानपिंगळ्याचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ब्लूइट ह्यांनी १८७२ मध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ह्यूम ह्यांनी १८७३ मध्ये ह्या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन ह्यांनी पश्चिम खानदेशात त्याचे आणखी नमुने जमविले. जगभर अवघे सात नमुने ज्ञात होते. त्यांपैकी एक आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविला, अशी नोंद कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्यांनी केली होती. तिच्या आधारे झालेला शोध निष्फळ ठरला.

पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनी तो नमुना नव्याने तपासला. तो उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा क्ष-किरणांच्या साहाय्याने आढळल्या. मूळची भरण्याची पद्धत मात्र डेव्हिडसन ह्यांची होती. डेव्हिडसन ह्यांचाच नमुना चोरून त्यास खोटी चिठ्ठी लावली गेली, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वीच मांडवीची नोंद बाजूस सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांकडे शोध वळविण्यात आला होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांना जिवंत रानपिंगळा दिसला.

छापील नोंदीवर विश्वास ठेवता येतो किंवा ती नाकारता येते. नमुन्याची मात्र उलटतपासणी करता येते. चिठ्ठी नमुन्याविषयी साक्ष देते, तसा नमुनाही चिठ्ठीविषयी साक्ष देतो. मोजमापे व छायाचित्रे घेतल्यावर मूळ नमुना जपण्याचे प्रयोजन उरत नाही, हे मत त्यामुळेच अग्राह्य ठरते. छायाचित्राच्या पोटातील कापूस कोणास तपासता आला असता?

ह्या साक्षीस मर्यादाही आहेत. रानपिंगळ्याचा आवाज, त्याचे भक्ष्य व घरट्याची रीत हे सात कातड्यांवरून कळणे शक्य नव्हते. ते ज्ञान १९९७ नंतर रानातच मिळाले. परंतु त्या रानाचा मार्ग शतकभर कपाटात जपलेल्या नमुन्यांनीच दाखविला.