चटईक्षेत्राची वास्तुकला

मुंबईत एका इमारतीला हल्ली दोन आर्किटेक्ट लागतात. एक डिझाइनवाला, ज्याचं नाव ब्रोशरवर झळकतं; दुसरा लायझनिंगवाला, जो पालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल खात्यातून फाइल सोडवून आणतो. नियमावलीतून शेवटचा चौरस फूट पिळून काढायचं कसब या दुसऱ्याकडे असतं आणि बिल्डरच्या लेखी खरा भाव त्यालाच आहे. आधी एफएसआयचं, म्हणजे भूखंडावर किती चटईक्षेत्र बांधता येईल याचं, गणित बसतं, त्यावरून मजले ठरतात, मजल्यांवरून पार्किंग. वास्तुकलेच्या वाट्याला मग दर्शनी भागाला काच लावायची की जाळी, एवढाच प्रश्न उरतो.

हे पटत नसेल तर २००० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारती मान वर करून पाहा. प्रत्येक खिडकीखाली पुढे आलेला फ्लॉवर बेड दिसेल. मुंबईकरांना एकाएकी बागेचं वेड लागलं होतं असं नाही. तो भाग एफएसआयमध्ये धरत नव्हते, इतकंच. ताबा मिळाला की मधला कठडा फोडायचा, खड्डा भरून फरशी एका पातळीला आणायची, की हॉल दोन-तीन फुटांनी वाढला. एका अख्ख्या पिढीच्या इमारतींचा चेहरामोहरा या पळवाटेनं घडवला. जानेवारी २०१२ मध्ये पालिकेनं फ्लॉवर बेड, बाल्कनी, व्हॉइड हे सगळं मोजायला सुरुवात केली आणि त्याबदल्यात प्रीमियम भरून घरांसाठी ३५ टक्के फंजिबल एफएसआय देऊ केला. नव्या नकाशांतून फ्लॉवर बेड गायब झाले. त्यांच्याबरोबर बऱ्याच ठिकाणी बाल्कनीही गेली. चौरस फूट मोजूनच द्यायचा, तर तो खोलीतच का नको, हा हिशेब. पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

पाऊस आणि ऊन यांचा विचार करून उंच इमारत बांधता येते, हे आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८३ मध्येच कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत दाखवलं होतं. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचं उत्तर शोधलं होतं. कांचनजंगामध्ये कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या गच्चीच्या रूपात इमारतीच्या कोपऱ्यांत खोदला. २८ मजले आणि घरं मात्र ३२. ही श्रीमंतांची चैन म्हणावी तर याच माणसानं त्याच दशकात सिडकोसाठी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. लहान चौकांभोवती बैठी घरं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्यानं वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळ घरं आज शोधावी लागतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना याची हळहळ वाटते. मला ते त्या आराखड्याचं यश वाटतं, कारण घरं बदलली तरी चौक टिकले.

गिरणगावात नेमकं उलटं झालं. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. १९९६ मध्ये कोरियांच्याच समितीनं या जमिनींचा एकत्रित विचार करा, असं सुचवलं. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. गिरण्यांनी आपापल्या कुंपणात टॉवर बांधले, रस्ते आणि पूल मात्र होते तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून मेली, ती या नियोजनशून्यतेच्या मधोमध.

पण म्हणून चाळींचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. बीडीडी चाळींत मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांचा आनंद खराच आहे. प्रश्न घराच्या दाराबाहेर सुरू होतो: दोन टॉवरांमध्ये अंतर किती, लिफ्टचा खर्च पुढे कोण भरणार, पोरांनी खेळायचं कुठे. मानखुर्दच्या लल्लूभाई आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर ठेवल्या. तिथल्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही आणि क्षयरोगाशी त्याचा संबंध अभ्यासातून समोर आलेला आहे. आराखड्यातल्या चुकीची किंमत फुप्फुसं मोजतात.

चांगलं काम होतच नाही असं नाही. आर्किटेक्ट पी. के. दास यांनी वांद्र्याचे समुद्रकिनारे चालण्याजोगे केले. समीप पाडोरा यांनी मुंबईतल्या जुन्या परवडणाऱ्या वसाहतींचा बारकाईनं अभ्यास करून ‘इन द नेम ऑफ हाउसिंग’ हे पुस्तक केलं. सेनापती बापट मार्गावरच्या उड्डाणपुलाखाली २०२२ मध्ये निळ्या लाटांची सार्वजनिक जागा झाली. पण हे सगळं कडेकडेचं काम. शहराचा मुख्य भाग रीडेव्हलपमेंटमधून घडतोय आणि तिथे वास्तुकलेला आवाज नाही.

तो देण्याचा एक रस्ता मात्र खुला आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बिल्डर येण्याआधी सोसायटी स्वतःचा आर्किटेक्ट नेमून व्यवहार्यता अहवाल करून घेते. तुमच्या सोसायटीत हा विषय आला, तर जादा कार्पेट किती आणि कॉर्पस निधी किती हे जरूर विचारा. पण त्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी उजेड किती येईल, ते नकाशावर दाखवायला सांगा.