एक मूळ, अनेक रूपे : संगणकीय आरेखनातील एका प्रघाताची चिकित्सा

१९६३ च्या सुमारास आयव्हन सदरलंड यांनी सिद्ध केलेल्या 'स्केचपॅड' प्रणालीत मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रती आपोआप बदलत. आज सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत एका फाइलीत भागाची अनेक रूपे कोष्टकाने ठेवता येतात, अथवा एका भागावरून दुसरा भाग निराळ्या फाइलीत साधित करता येतो. या दोहोंना परस्परांचे पर्याय मानण्याचा प्रघात भ्रामक होय.

कोष्टक शोभते ते बोल्टासारख्या वस्तूला. आयएसओ मानकानुसार एम ८ बोल्टाच्या षट्कोनी डोक्याची समोरासमोरील रुंदी १३ मिमी, एम १० ची १६, एम १२ ची १८. हे प्रमाण स्थिर नाही. सूत्र लंगडे पडते, प्रत्येक माप लिहूनच ठेवावे लागते. परंतु ओतीव भाग आणि मशिनिंग झालेला भाग यांचे नाते जन्यजनकाचे आहे. ओतकामातील भिंत जाड झाली तर तयार भागातही ती जाड व्हावी. उलट, तयार भागात पाडलेले छिद्र साच्यात जाता कामा नये. साधित भागात बदल एकाच दिशेने वाहतो, हेच त्याचे मर्म. दोन्ही रूपे एका फाइलीत कोंबली असता माप बदलताना 'हेच रूप' की 'सर्व रूपे' हे दर वेळी ठरवावे लागते, आणि एका चुकीने न उघडलेले रूपही बिघडते. ते पुष्कळदा धातू कापल्यावरच कळते.

साधित भागही निर्धोक नव्हे. ज्या पृष्ठावर पुढील काम बेतले ते जनकातून नाहीसे झाले की त्रुटी उमटते. हा दोष निदान बोलका आहे. दुवा तोडून त्याला गप्प करता येते. मग मात्र जनकातील पुढची दुरुस्ती साधित भागापर्यंत पोहोचत नाही.