निश्चयकाविना रेषीय बीजगणित

स्टीफन बॉइड (स्टॅनफर्ड विद्यापीठ) आणि लिव्हेन व्हॅन्डेनबर्ग (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) यांचे उपयोजित रेषीय बीजगणितावरील पाठ्यपुस्तक २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. अनुक्रमणिका चाळताच शिक्षकाच्या भुवया उंचावतात. निश्चयकांचे प्रकरण नाही, आयगेन मूल्यांचेही नाही! पहिली पाच प्रकरणे केवळ सदिशांची. मॅट्रिक्स येते ती सहाव्यात.

आमच्या मते ही काटछाट विचारपूर्वक केलेली आहे. २०१८ मध्ये आलेल्या आपल्या दहावीच्या पुस्तकात क्रेमरची पद्धत आहे. दोन समीकरणांना ती सुटसुटीत पडते. पण वीस समीकरणे घेतली तर? वीस ओळींच्या निश्चयकाच्या विस्तारात २४ वर सतरा शून्ये, इतकी पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी पदे हिशोबात घेणारे यंत्रही अशा एका निश्चयकाला सुमारे ७७ वर्षे घेईल, आणि क्रेमरला असे एकवीस निश्चयक लागतात. एकेक चल काढून टाकण्याच्या साध्या रीतीने तेच उत्तर तीन हजारांच्या आसपास गुणाकार-भागाकारांत हाती येते. तरी पदवीच्या वर्गांत विद्यार्थी तीन-चार ओळींचे निश्चयक उलगडत बसतो, कारण परीक्षेत गुण त्यालाच असतात. निश्चयक निरुपयोगी आहे असे नव्हे. क्षेत्रफळ-घनफळाशी असलेले त्याचे नाते सुंदरच आहे. पण समीकरणे सोडवण्याचे हत्यार म्हणून तो शिकवणे ही दिशाभूल आहे.

पुस्तकाचा खरा जीव तिसऱ्या भागात, लघुतम वर्गांच्या रीतीत आहे. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाहाची दहा वाचने विद्यार्थ्याने आलेखावर मांडली, की ती एका रेषेत कधीच बसत नाहीत. मग पट्टी ठेवून नजरेने ‘बरी’ रेषा ओढली जाते (आणि एखादा हुशार विद्यार्थी बिंदूच सरकवतो). दहा समीकरणे, अज्ञात दोनच. अचूक उत्तर नाहीच. तेव्हा चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी रेषा निवडायची. लझांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही कल्पना लेखक घरांच्या किमतींपासून क्षकिरणांच्या प्रतिमांपर्यंत नेतात. शिवाय एक सवय लावतात: काही माहिती बाजूला ठेवा, आणि काढलेले सूत्र तिच्यावर पारखा. प्रयोगवहीत ही शिस्त आम्हांला क्वचितच दिसते.

उणिवाही आहेत. आयगेन मूल्ये गाळल्याने एकमेकांना जोडलेल्या लंबकांची कंपने समजावण्याची वाट बंद होते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरे पुस्तक लागणारच. उदाहरणे अमेरिकेतली, घरांची विक्री सॅक्रामेंटोची. आपल्या शिक्षकाने तिथे तालुक्याचा पाऊस किंवा बाजार समितीतले कांद्याचे भाव घालावेत. आकृत्याही आम्हांला थोड्या कमीच वाटल्या. लघुतम वर्ग म्हणजे प्रतलावर टाकलेला लंब, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले, की पुढचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

पहिल्या तीन प्रकरणांना बारावीचे गणित पुरते. पुस्तकाची प्रत लेखकांनी महाजालावर विनामूल्य ठेवली आहे, आणि जुलिया या संगणकीय भाषेतली जोडपुस्तिकाही तशीच मिळते.