गाण्याचा हक्क आणि गाण्याची किंमत



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय अन् घाटाखाली काय, वस्तीवस्तीत एकच वाद पेटतो. मिरवणुकीत कोणती गाणी लावायची? एक गट म्हणतो, सिनेमाच्या चालीवरची सगळी बंद करा, चळवळीची इज्जत जाते. दुसरा म्हणतो, पोट्टे नाचले नाहीत तर मिरवणुकीत येईल कोण? आणि तिसरा गट, जो सगळ्यात मोठा आहे, तो म्हणतो, गाण्यात बाबासाहेबांचं नाव आहे ना, मग बोलायचंच नाही. या तिसऱ्या गटासाठी मी हे लिहितो आहे.

कवितेतला एक शब्द कच्चा निघाला तर आपण बैठकीत रात्रभर भांडतो. पण ज्या भीमगीतांवर आपल्या आया-मावश्या वाढल्या, ज्यांनी निरक्षर माणसाला बाबासाहेब समजावून दिले, त्यांची समीक्षा कोणी करत नाही. प्रस्थापित समीक्षकाला ते साहित्य वाटत नाही आणि आपल्याला ते पवित्र वाटतं. दोघंही गाणं नीट ऐकत नाहीत. म्हणून मला काय आवडतं, काय आवडत नाही आणि काहून, ते इथं उघड मांडतो.

पहिला आरोप चालीचा. तो मला मान्य नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक, केरूबा गायकवाड यांचे जलसे गाजू लागले, तेव्हा त्यांचा साचा कुठून आला? तमाशातून. ज्या फडात आपल्याच माणसाला नाचवून वरचे लोक दौलतजादा उडवत, त्याच फडाची ढोलकी त्यांनी उचलली आणि तिच्यावर पाणवठा, शाळा, महारकी सोडणं हे विषय वाजवले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. अक्षरं शिकले ते मोठेपणी, मुंबईत. त्यांनी गाणी रचायला सुरुवात केली तीच सिनेमाच्या चालीवर. कव्वाली आली दर्ग्यातून. आपल्या सैलानीच्या यात्रेला जाणारी कष्टकरी माणसं तो ठेका कानात घेऊनच घरी येत, म्हणून विदर्भात नागोराव पाटणकरांची भीमकव्वाली लोकांना परकी वाटली नाही. चाल कोणाच्या बापाची नसते. ज्याच्याकडं पेटी घ्यायला पैसा नाही त्यानं लोकांच्या तोंडातली चाल उचलायची नाही तर काय करायचं? शिवाय चाल आधीच पाठ असली की ऐकणाऱ्याचं ध्यान शब्दाकडं राहतं. मी शब्दच बघतो.

सिनेमाची चाल घेतली म्हणून सिनेमाची नजर घ्यायची गरज नाही. ती नजर काय होती? १९३६ साली ‘अछूत कन्या’ आला. त्याच साली बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ हे न झालेलं भाषण स्वतः छापून काढलं. सिनेमातली अस्पृश्य पोरगी आणि ब्राह्मण पोरगा रानातली पाखरं होऊन गातात, कारण पाखरांना जात नसते. शेवटी ती पोरगी रेल्वेखाली मरते. गाणं देशभर गाजलं. १९५९ साली ‘सुजाता’ आला. सचिनदेव बर्मनचं संगीत, मजरूहची गाणी, कान तृप्त करणारी. पण सुजाताला घरात जागा मिळते ती रक्त दिल्यावर. अंगातलं रक्त काढून दाखवल्याशिवाय आपण माणूस आहोत हे त्यांना पटत नाही. ही गाणी मला ऐकायला आवडतात आणि त्यांनी मला कधी काही दिलं नाही, हे दोन्ही खरं. त्याच मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात काम केलेला शैलेंद्र गाणी लिहीत होता. तो दलित घरातला, हे लोकांना कळलं त्याच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी, त्याच्या मुलानं सांगितल्यावर. लिहिणारा आपला असला तरी गाण्यात जातीचं नाव घ्यायला जागा नव्हती. २०१६ ला नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’नं ती जागा फोडली. पण वरातीत ‘झिंगाट’वर नाचणाऱ्याला त्या सिनेमाचा शेवट आठवत नाही. गाणं उचललं आणि दोन मुडदे मागं ठेवले.

आता माझी आवडती.

सगळ्यात वर अण्णाभाऊ साठे. मातंग समाजात जन्मलेला, कम्युनिस्ट पक्षात घडलेला हा माणूस. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून जगावर घाव घालायला निघालेलं त्यांचं गाणं तुम्हा सर्वांना पाठ आहे. त्यात बाबासाहेब मखरात बसलेले नाहीत. ते काम नेमून देऊन गेलेले आहेत आणि हत्यार ऐकणाऱ्याच्या हातात आहे. शाळेत मास्तरांनी शिकवलेलं व्याकरण इथं कामाला येतं. भीमगीत ऐकताना क्रियापद कोणाचं आहे ते बघा. त्यानं दिलं, त्यानं तारलं, त्यानं उद्धरलं, अशी सगळी क्रियापदं बाबासाहेबांचीच असतील तर आपल्याला हात जोडण्यापलीकडं काम उरत नाही.

दुसरं वामनदादांचं. देशाच्या संपत्तीत आमचा हिस्सा कुठं गेला, असा बिर्ला-टाटांना हिशेब विचारणारं. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसं जेलात गेली. तो लढा आणि हे गाणं एकाच प्रश्नावर उभे आहेत. आपल्या जिल्ह्यात गायरानावर पेरणारी बाई आजही सातबारा आपल्या नावावर होण्याची वाट बघते. तिला हे गाणं ऐकवा, ती नाचणार नाही. तलाठ्याचं नाव घेईल. मला असं गाणं पाहिजे.

तिसरं कडुबाई खरातांचं. औरंगाबादची बाई, हातात एकतारी. मोबाइलवरून तिचा आवाज गावोगाव पोचला. आपण खातो त्या भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे, असं सांगणारं तिचं गाणं. माझ्या व्याकरणाच्या कसोटीवर हे गाणं पडायला पाहिजे, कारण त्यात उपकाराची भाषा आहे. पण ते पडत नाही. सहीची किंमत अंगठा लावणाऱ्यालाच कळते. सावकाराच्या कागदावर अंगठा, हजेरीपटावर अंगठा, अशा घरातली बाई सांगते की तुमच्या ताटावर एका शिकलेल्या माणसाची सही आहे. आणि सांगते कोणाला? पगार चालू झाल्यावर वस्तीकडं पाठ फिरवलेल्या आपल्याच माणसाला. वरून उपकाराचं दिसणारं हे गाणं आतून उलटतपासणी आहे.

आता नावडती. त्यांचे प्रकार सांगतो, नावं तुम्हीच घालाल.

एक, सोन्याची गाणी. सोन्याचं सिंहासन, सोन्याचा मुकुट, हिऱ्यामोत्याचा भीम. जो माणूस आयुष्यभर पुस्तकावर पैसे खर्चून कर्जात राहिला त्याला दागिने घालून काय साधलं? आरतीची चाल घेतली तर घ्या बापहो, पण आरतीतला देवही उचलून आणला. कापसाच्या वेचणीला किलोमागं मजुरी घेणारी बाई हे गाणं म्हणते तेव्हा तिच्या मनात सोनं म्हणजे मान असतो, हे मला समजतं. तिच्याशी माझं भांडण नाही. स्टुडिओत बसून दर जयंतीला तेच सोनं विकणाऱ्याशी आहे.

दोन, रमाईची रडगाणी. गवऱ्या थापणारी, उपाशी झोपणारी, लेकरं गमावूनही हूं की चूं न करणारी रमाई. ते दुःख खरं आहे, त्यावर रडू येतंच. पण गाण्यामागून गाणं एवढंच सांगतं की बाईनं सोसावं. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया आल्या, ठराव झाले. भोंग्यावर ऐकू येतो तो गवऱ्या थापण्याचा आवाज. हात वर करून ठराव पास करणारी बाई ऐकू येत नाही.

आता सगळ्यात अवघड माणूस, प्रल्हाद शिंदे. त्यांच्यासारखा खुला, रानातल्या वाऱ्यासारखा आवाज मराठीत पुन्हा झाला नाही. शेगावला मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकानादुकानातून त्यांची विठ्ठलाची गाणी येतात आणि जयंतीला आपल्या वस्तीतून त्यांचीच भीमगीतं येतात. आपले काही कार्यकर्ते त्यांना फितूर म्हणतात. मी म्हणत नाही. परंपरा सांगते की चोखोबा आपल्याच जिल्ह्यातले, देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. त्यांची समाधी पंढरीच्या देवळाबाहेर, पायरीजवळ. आपल्या माणसांना त्या देवळाचा दरवाजा १९४७ साली उघडला, तोही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. आणि नंतर त्याच पंढरीच्या वाटेवर सगळ्या जातींचे वारकरी एका बौद्ध गायकाच्या आवाजावर पाऊल टाकू लागले. त्या गाण्यांतला देव मला नको, पण त्या आवाजानं कोणाची जागा घेतली ते मला दिसतं.

त्यांनी गायलेली सत्यनारायणाची कथा मात्र मला मुळीच सहन होत नाही. तिच्यात चोखोबाची तक्रार नाही, वारीतलं चालणं नाही. प्रसाद टाकला म्हणून नाव बुडाली, पूजा केली म्हणून वर आली, असा भीतीचा धंदा. १४ ऑक्टोबर १९५६ ला २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वास्तूच्या दिवशी ही कथा वाजते, आणि आवाज आपलाच म्हणून कोणी बंद करत नाही. गायकाला पोट असतं, कंपनी भक्तीच्या गाण्याला पैसा देते, हे मान्य. पैशाची अडचण समजून घेता येते. म्हणून गाणं चांगलं ठरत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली गांधींना उत्तर देताना स्पष्ट लिहिलं की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही. त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. आदर ठेवून टीका कशी करायची, हे त्यांच्याकडून शिका.

तिसरा नावडता प्रकार बढाईचा. आमच्या नादी लागू नका, आमचा किल्ला मजबूत, एका इशाऱ्यावर पेटवू. डीजेच्या भिंतीसमोर हे गाणं चढतं, तासाभरात उतरतं. त्यात शत्रूचं नाव नसतं, मागणी नसते, कायदा नसतो. नाचून घामाघूम झालेला पोट्टा दुसऱ्या दिवशी तालुक्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला जात नाही.

पण इथं मला थांबायला लागतं. १६ मे २०१५ ला शिर्डीत लग्नाला आलेला, नर्सिंग शिकणारा आपला एक तरुण मारला गेला. त्याच्या मोबाइलची रिंगटोन वाजली. ते भीमगीत होतं, आणि याच बढाईच्या जातीचं होतं. टोळक्यानं त्याला उचलून नेलं आणि जीव घेतला. मारणाऱ्यांनी त्या गाण्याची रचना तपासली नव्हती. त्यात विचार किती, भक्ती किती, हे मोजलं नव्हतं. बाबासाहेबांचं नाव आपल्या पोराच्या खिशातून मोठ्यानं वाजलं, एवढंच त्यांना सहन झालं नाही.

म्हणून काही जण मला सांगतात, ज्या गाण्यासाठी पोरगं मेलं त्याला हलकं म्हणू नको. मी उलट सांगतो. ते गाणं कुठंही, कोणासमोरही, देवळासमोरून, पाटलाच्या वाड्यासमोरून वाजवण्याचा आपला हक्क आहे आणि त्यासाठी कोर्टात, रस्त्यावर, जिथं लागेल तिथं मी उभा राहीन. हा हक्क गाणं चांगलं असण्यावर अवलंबून नाही. वाईट गाण्यालाही तो आहे. आणि ते गाणं कच्चं आहे हे माझं मत त्या पोराच्या मरणानं बदलत नाही. तो मेला तो जातीच्या हातानं. त्याच्या रक्ताचा शिक्का मारून कोणी गाण्यावर बोलण्याची बंदी घालू लागलं तर ते आपल्या तोंडावर आपणच हात ठेवणं होईल. शत्रू गाणं बंद करू बघतो, आपण निदान टीका तरी बंद करू नये.

शेवटी कामाचं बोलू. यंदा जयंतीच्या बैठकीत गाणी ठरवताना तीन गोष्टी विचारा. क्रियापद कोणाचं आहे? गाणं कोणाशी बोलतं आहे? आणि यंत्र बंद केल्यावर ते वावरात निंदताना म्हणता येतं का? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमाच्या ओव्या आहेत. कॅसेट नव्हती, कंपनी नव्हती, पहाटे दळता-दळता बायांनी रचलेल्या. आपल्या मेहकर-लोणारकडच्या, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या बुढ्या मायांच्या पोटात अजून किती आहेत? जाती बंद पडली, त्या बायाही एकेक करून चालल्या.

मिरवणुकीत एक तास डीजे बंद ठेवा. त्या बायांना पुढं बसवा, गाऊ द्या. एकानं मोबाइलवर घ्या, एकानं वहीत उतरवा, गाणारीचं नाव आणि गाव लिहा. आणि मग त्यातलं चांगलं कोणतं, कच्चं कोणतं, यावर आपण भांडू. पुढच्या अंकाला त्या ओव्या पाठवा.

जय भीम.